हरकतीचे दोन रुपये

परवा दुपारी यादीवाली बाई आली. शाळेत शिकवते, आणि निवडणूक जवळ आली की घरोघर फिरून कोण आहे, कोण नाही ते लिहून नेते. मी ओटीवर डोळे मिटून पडलो होतो. कागद चाळत तिनं विचारलं, "आजोबा, सखाराम विठ्ठल भाटकर शेजारचेच ना? आहेत?"

आहे की, असेल खाली बंदरावर होडीवर नाव काढत, असं अगदी तोंडात आलं होतं. मग म्हटलं, "नाही. शिमगा झाल्यावर गेला."

तिनं पेनानं एक खूण केली. एवढीशी, वाकडी. सख्या असता तर म्हणाला असता, "बाई, पट्टी घ्या. माणूस गेलाय तो."

मी सातवीपर्यंत शिकलो आणि जन्म बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढण्यात घालवला. लिहिणं माझं काम नव्हे. पण बाई गेल्यावर सख्या डोळ्यांसमोरून हलेना. माझ्या बायकोचं, सुलोचनाचं नावही मेल्यावर वर्षभर त्याच यादीत होतं. मी ते काढू दिलं नव्हतं. ते कसं निघालं हे सांगायचं, तर आधी सख्या सांगावा लागतो.

दुपारी मांडवीचा समुद्र असा पांढरा होतो की पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं सुरू झालं ते कळत नाही. त्या पांढऱ्यात मला तो दिसतो. काटकुळा, कानावर ब्रश, लेंग्यावर सगळ्या गावाच्या होड्यांचे रंग. होड्यांवर नावं काढणं हा त्याचा धंदा. अक्षर काढताना जीभ दातांत धरायचा आणि अक्षर पुरं झालं की सोडायचा. त्याच्याशी बोलायचं तर दोन अक्षरांच्या मधे बोलावं लागे. मी विचारायचो सकाळी आणि त्याचं उत्तर यायचं दुपारी.

तो एका पक्षाचा आणि मी दुसऱ्याचा. पक्षांची नावं लिहीत नाही, मला अजून याच आळीत चहा प्यायचा आहे. पण तो किती त्याच्या पक्षाचा, ते सांगतो. एकदा एका होडीवाल्यानं काठाला पट्टा मारायला सांगितला, आणि रंग नेमका आमच्या झेंड्याचा. सख्यानं डबा उघडला, बघितला आणि परत झाकण लावलं.

"हा रंग माझ्या हातात राहत नाय," म्हणाला.

होडीवाला ओरडला, "मेल्या, रंग हाय तो! तुला खायला सांगितलाय काय?"

शेवटी मला बोलावणं आलं. पट्टा मी मारला. सख्या मागे उभा राहून मला शिव्या घालत होता. "गणपत, हात हलतोय. सरळ. अरे, तुझ्याच पक्षाचा रंग, नीट तरी मार!" ती होडी पुढं कित्येक वर्षं समोरून जायची. नाव त्याच्या हातचं, पट्टा माझ्या हातचा, आणि पट्टा वाकडा.

त्याला पक्षातलं काय कळत होतं? मला कळत होतं तेवढंच, म्हणजे काही नाही. जाहीरनामा म्हणून कधी वाचला नाही त्यानं. पोरगा असताना त्याचा बाप समुद्रात गेला तो परत आला नाही. प्रेत मिळालं नाही, म्हणून घरात धड रडताही येईना. तेव्हा त्याच्या पक्षाचा तालुक्याचा एक माणूस आला आणि तीन दिवस त्यांच्या दारात बसून राहिला. बोलला नाही, काही दिलं नाही, नुसता बसला. चौथ्या दिवशी सख्याच्या आईला म्हणाला, "बाय, आता रडा." ती रडली. तो माणूस पुढं कोणी मोठा झाला नाही. पण सख्या जन्मभरासाठी त्याच्या पक्षाचा झाला.

"पक्ष म्हंजे काय रे?" तो मला म्हणायचा. "वाईट वेळेला आपल्या दारात कोण बसला, तो."

माझंही तसंच. कारखान्यात माझ्या भावाचं बोट तुटलं तेव्हा आमच्या पक्षाच्या युनियनवाल्यानं त्याला खांद्यावर घालून दवाखान्यात नेला. उलटं झालं असतं, सख्याच्या दारात आमचा आणि आमच्या दारात त्यांचा आला असता, तर आम्ही दोघं जन्मभर उलटे भांडलो असतो. हे मी एकदा त्याला बोललो. त्यानं जीभ दातांत धरली, एक काना काढला, सोडली आणि म्हणाला, "पण आला नाय ना उलटा."

त्याचा पक्ष एकदा सपाटून आपटला तेव्हा तो तीन दिवस अंथरुणातून उठला नाही. भिंतीकडे तोंड. सुलोचना पेज घेऊन गेली. मला तिचा आवाज कुडाच्या अलीकडून ऐकू येत होता. "भावोजी, पक्ष हरला, तुम्हाला काय झालंय? उठा. पेजेला पक्ष नसतो."

उठला. पेज प्यायला. मग विचारतो, "वयनी, खरं सांगा, तुम्ही कोणाला दिलंत?"

हा त्या दोघांचा जुना खेळ. माझाही. कारण सख्याला वाटायचं सुलोचना त्याच्या पक्षाला मत देते, आणि मला वाटायचं ती माझी बायको, जाईल कुठं? ती दोघांनाही एकच उत्तर द्यायची. "माझं मत माझ्या पोटात."

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघं एका बाकावर बसायचो. शाळेच्या खोलीत, पक्षांच्या एजंटांच्या बाकावर, तो त्याच्या पक्षाचा आणि मी माझ्या. बाक पहिलीच्या पोरांचा, गुडघे हनुवटीला लागायचे. अधिकारी प्रत्येक मतदाराचा नंबर आणि नाव मोठ्यानं वाचतो आणि एजंट आपापल्या यादीत खूण करतो. माणूस खोटा असेल तर एजंटानं हरकत घ्यायची. हरकतीला दोन रुपये भरावे लागतात. खरी ठरली तर परत मिळतात.

सख्या त्या दिवशी दोन गोष्टी करायचा. पहाटे रॉकेलनं हात धुवायचा, नखांतला रंगसुद्धा काढायचा. म्हणायचा, "आज बोटावर एकच रंग दिसला पाहिजे, शाईचा." त्यामुळे दिवसभर बाकावर माझ्या नाकात रॉकेल. आणि दुसरं, रुमालाच्या कोपऱ्यात दोन रुपये गाठ मारून ठेवायचा. हरकतीचे.

आदल्या आठवड्यात एका दुपारी आम्ही त्याच्या पडवीत याद्या घेऊन बसायचो. दोन पक्षांचे दोन एजंट एकत्र, हे दोघांच्याही पक्षांना आवडत नसे. पण मेलेले दोघांचेही तेच होते. तो नाव वाचायचा, मी गेला म्हणायचो, आणि तो लाकडी पट्टी ठेवून लाल पेन्सिलीनं रेघ मारायचा. रेघ मारण्याआधी त्या माणसाबद्दल एक काहीतरी बोलायचं, असा त्याचा नेम. "हा चहात मीठ घालायचा." "हिनं माझ्या आईला उखळ दिलं होतं, परत मागितलं नाय." त्या दुपारी सगळी मेलेली माणसं पडवीत येऊन बसल्यासारखी वाटायची. बाहेर ऊन, माडांच्या सावल्या, आणि आत आम्ही दोघं एकेकाला निरोप देतोय. स्वतःच्या आईचं नाव त्यानं बाराव्याच्या दुसऱ्याच दिवशी फॉर्म भरून काढलं. मला ते तेव्हा राक्षसासारखं वाटलं होतं. तो म्हणाला, "नाव मोकळं ठेवलं की कोणीतरी येऊन तिच्यात घुसतो, गणपत."

ते त्याला कुठून कळलं होतं? एकदा त्याच्याच पक्षाच्या पोरांनी एका मेलेल्या म्हाताऱ्याच्या नावावर भलताच माणूस आणून उभा केला होता. मला काही कळलं नाही, मी जांभई देत होतो. सख्यानं गाठ सोडली, दोन रुपये टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "हरकत. खरा मनुष्य मसणात हाय." संध्याकाळी त्याच्या पक्षाच्या माणसानं नाक्यावर सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली मारली. सख्यानं कानावरून पडलेला ब्रश उचलला आणि घरी आला.

मी म्हटलं, "आता तरी सोड की तो पक्ष. आमच्यात ये."

"आई चुकली म्हणून आई बदलतोस काय तू?"

आणि त्यानं त्या पक्षाकडे कधी काही मागितलं नाही. त्याचा पोरगा लोट्याच्या एमआयडीसीत कारखान्यात लागायला दोन वर्षं खेटे घालत होता. पक्षाच्या एका शब्दानं काम झालं असतं. सुलोचनानं सांगून बघितलं. सख्या म्हणाला, "वयनी, मागितलं की मी गिऱ्हाईक झालो."

मग एक पावसाळा असा आला की आमच्या दोघांच्याही घरचं छप्पर गेल्यासारखं झालं. आषाढात सुलोचना गेली. श्रावणात सख्याचा पक्ष फुटला.

सुलोचनाचं मी जास्त लिहीत नाही. कपडे वाळत घालताना खाली बसली, ती उठली नाही. चिमटे हातात होते. पुढचे महिने मला धुक्यातून चालल्यासारखे आठवतात. दोन कप चहा ठेवायचो आणि दोन्ही मीच प्यायचो. बारावं झाल्यावर सख्या नाव कमी करायचा फॉर्म घेऊन आला, पानाच्या डब्याखाली ठेवला आणि गेला. मी सही केली नाही. तिचं नाव माझ्या नावाच्या खाली होतं. माझा नंबर चारशे अकरा, तिचा चारशे बारा. रेशनकार्डावरून काढलं, बँकेतून काढलं. ही एकच जागा उरली होती जिथं ती माझ्या शेजारी होती. तो फॉर्म तिथंच दमट होऊन गेला, आणि यादीच्या बाबतीत एवढा कडक माणूस, पण त्यानं परत एकदाही विचारलं नाही.

पक्ष फुटल्यावर दोन्ही तुकडे सख्याच्या दारात. हे म्हणत आम्ही खरे, ते म्हणत आम्ही. दोघांनाही भिंत रंगवायला सख्या हवा, बाकावर बसायला सख्या हवा. त्यानं ग्रामदेवतेला कौल लावला. गुरवानं देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हे, डावी पडली तर ते. मी बरोबर होतो. सकाळी बसलो ते जेवायची वेळ टळली. गुरव घामाघूम होऊन देवाला विनवत होता. पाकळ्या सुकल्या, पण एकही पडली नाही.

पायऱ्या उतरताना सख्या म्हणाला, "देवानं पण अंग काढून घेतलं. तो पण घाबरला."

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "गणपत, दोघांतला कोणता माझ्या दारात बसला होता रे?"

दोघांनाही त्यानं नाही म्हटलं. निवडणूक लागली तेव्हा त्या वर्षी याद्या घेऊन आम्ही पडवीत बसलो नाही. तो म्हणाला, "मी बाकावर नाय आणि मतालाही येणार नाय. जन्मात पहिल्यांदा."

मतदानाच्या आदल्या दिवशी आमच्या पक्षाचा प्रदीप आला. चांगला पोरगा, सुलोचनाच्या हातचं जेवलेला. ओटीवर बसला. "काका, काकींचं नाव यादीत हाय अजून. मत फुकट जातंय. त्यांचं मतदानाचं कार्ड द्या. चार-साडेचारला एक बाई पाठवतो. तुम्ही फक्त मान खाली ठेवायची."

मी कार्ड दिलं.

खोटं कशाला लिहू? दिलं. पक्षासाठी दिलं असं कोणी म्हणेल, आणि थोडं तसं होतंही. इतकी वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं त्यांना नाही म्हणायची जीभ होत नाही. पण खरं कारण वेडेपणाचं होतं. सुलोचना दरवेळी साडेचारलाच मताला यायची. सकाळी स्वयंपाक, दुपारी आम्हा दोघांना एकाच डब्यातून भात आणि माशाचं कालवण, मग भांडी, मग केस विंचरून साडेचारला. अधिकारी तिचं नाव मोठ्यानं वाचायचा आणि आम्ही दोघं एकदम खूण करायचो. मला वाटलं, एकदा परत तिचं नाव त्या खोलीत ऐकू येईल. तिच्यापुढं खूण होईल. म्हणजे ती आल्यासारखंच की.

त्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी सख्याच्या पक्षाच्या दोन तुकड्यांचे दोन तरुण बसले होते. एकमेकांशी बोलत नव्हते, फोन बाहेर ठेवायला लागल्यानं हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. डबा आला नाही. दुपारी गर्दी ओसरली. खिडकीतून समुद्राचा तो पांढरा उजेड आत आला आणि खोली पाण्याखाली असल्यासारखी झाली. मशीन मधूनच लांबलचक वाजायचं. माझे डोळे मिटत होते. घड्याळात साडेचार व्हायला आले.

दारात हिरवं लुगडं दिसलं. डोक्यावरून पदर. वय तेवढंच, अंगानंही तशीच बारीक. आणि तिच्या मागोमाग खोलीत रॉकेलचा वास आला.

मला मान वळवायची गरज नव्हती. सख्या रांगेत तिच्या मागे उभा होता. येणार नाही म्हणणारा माणूस हात धुऊन आला होता.

अधिकाऱ्यानं कार्ड हातात घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, "चारशे बारा. सुलोचना गणपत सुर्वे."

देवाशपथ सांगतो, मी बघितलं. मान खाली ठेवायचं ठरलं होतं, पण नाव ऐकलं आणि मी वर बघितलं, ती आली म्हणून. केस विंचरलेली, हात ओले. समोर दुसरंच तोंड होतं. घाबरलेलं, गरीब, कोणाची तरी बायको.

सख्या माझ्याकडे बघत होता. तो बोलू शकला असता. सुलोचनाला त्याच्याइतकं कोण ओळखत होतं? पण जीभ दातांत धरून उभा राहिला, अक्षर पुरं व्हायची वाट बघत असल्यासारखा.

"हरकत," मी म्हटलं. "सुलोचना माझी बायको. ही ती नाय. माझी बायको मेली."

आषाढापासून तोवर मी हे वाक्य कोणाशी बोललो नव्हतो. गेली म्हणायचो. नाही म्हणायचो. मेली म्हणालो नव्हतो.

केंद्राचा साहेब उठून आला. "हरकत घेताय तर दोन रुपये भरावे लागतील, आजोबा." मी खिसे चाचपले. काही नव्हतं. सख्या रांगेतून पुढं आला, रुमालाच्या कोपऱ्याची गाठ दातांनी सोडली आणि टेबलावर दोन रुपये ठेवले. एजंट नाही, पक्ष नाही, तरी गाठ मारून आणलेली होती.

बाईनं साहेबाचे पाय धरले. "मला पाठवलं, मी आले." साहेबानं तिला बाहेर जायला सांगितलं, कार्ड ठेवून घेतलं, कागदावर लिहिलं आणि मला दोन रुपये परत केले. मी ते सख्यापुढं धरले. त्यानं घेतले नाहीत. बाकाकडे वाकला, माझ्या यादीतून पट्टी उचलली. पट्टी त्याचीच, कधीची माझ्याकडे राहिलेली. ती चारशे बाराखाली धरून मला लाल पेन्सिल दिली.

"बोल काहीतरी," तो हळू म्हणाला. "तिच्याबद्दल."

मग म्हटलं, "साडेचारला यायची."

"येताना हात लुगड्याला पुसायची," तो म्हणाला.

पट्टी त्यानं धरली आणि रेघ मी मारली. या खेपेला सरळ आली.

त्या दिवसानंतर आमच्या पक्षानं मला बोलावलं नाही. प्रदीप रस्ता बदलून जायचा. पुढचं दीड वर्ष सख्या आणि मी, दोघंही बिनपक्षाचे, रोज सकाळी बंदरावर बसून पक्षांवरून भांडायचो. तो त्याच्या जुन्या, न फुटलेल्या पक्षाची बाजू घ्यायचा आणि मी माझ्या. लोक हसायचे. पानाच्या डब्याखालचा फॉर्म मी सही करून दिला होता. मग शिमगा संपला आणि तो छातीत दुखतं म्हणाला. दवाखान्यात नेला तो मागं आला नाही.

पण यादीवाली बाई गेल्यावर मला जो दिसतो, तो त्या मतदानाच्या दिवसाचा. माझ्या हरकतीनंतर त्याचा नंबर लागला. नाव वाचलं, बोटाला शाई लागली, आणि तो पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेला. बराच वेळ मशीन वाजेना. बाकावरचे दोन तरुण माना उंचावून बघू लागले. शेवटी वाजलं.

बाहेर येताना तो बाकापाशी थांबला. मी विचारलं, इतक्या वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं. "सख्या, कोणाला दिलंस?"

त्यानं जीभ सोडली. "माझं मत माझ्या पोटात."

मग गेला. खिडकीतून मला समुद्राकाठचा बांध दिसत होता. त्यावरून तो चालत होता, शाईचं बोट लेंग्याला लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरून. पांढऱ्यात आधी पाय गेले, मग लेंगा, मग तो. तो लांब धरलेला हात तेवढा बराच वेळ दिसत राहिला.

ते दोन रुपये मी रुमालाच्या कोपऱ्यात बांधून ठेवलेत.